मोठेबाबांनी पाहिलेला निखारा आणि गाडीतले साहेब

झरीकर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस फक्त वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

आमचं गाव झरी-जामणी तालुक्यात, पैनगंगेच्या काठापासून थोडं आत. नदी ओलांडली की तेलंगणा. माझे मोठेबाबा (वडिलांचे थोरले भाऊ, वय ७१) गेल्या जानेवारीत हरभऱ्याचं ओलित करायला रात्री वावरात होते. आमच्या फीडरला लाइन रात्रीची असते, त्यामुळं पाणी रात्रीच. पहाटे स्प्रिंकलरचे पाइप बदलून ते धुऱ्यावर टेकले. झुंजुमुंजु झालं होतं. तेवढ्यात जवळजवळ डोक्यावर, जरा पैनगंगेकडं कललेला, एक लाल निखारा दिसायला लागला. आधी तिथं काहीच नव्हतं. दोन-तीन मिनिटांत तो लालाचा पांढराशुभ्र झाला आणि अर्धा तास जागचा हलला नाही. आवाज नाही, लुकलुक नाही. सूर्य वर आला तसा फिका पडत गेला.

त्यांनी घरी सांगितलं, घरच्यांनी चौकात, चौकातून पोलीस पाटलाकडे. चार दिवसांनी गावात सरकारी पाटीची गाडी आली. दोन साहेब, साध्या कपड्यात, हिंदी बोलणारे. पोलीस पाटील म्हणे, "मिलिटरीचे हायेत." मोठेबाबांना वावरात नेलं, त्याच धुऱ्यावर उभं केलं, हात करून दाखवायला लावला, मोबाइलमधल्या होकायंत्रावर दिशा घेतली. चष्मा आहे का, मोतीबिंदू झालाय का, आवाज आला का, त्या दिवशी कोणी फवारणीचा ड्रोन आणला होता का, केवढा होता, सगळं एका वहीत लिहून घेतलं. जाताना म्हणाले, "आपको बता देंगे."

अकरा महिने झाले. मोठेबाबा अजून वाट पाहतात. पोस्टमन दिसला की विचारतात.

प्रश्न असा: सामान्य माणसानं आकाशात काही पाहिलं तर लष्कर खरंच चौकशी करतं का? कशी? आणि त्याचा निकाल त्या माणसाला कधी कळवतात का?

सावजी_रस्सा
पयला प्रश्न. हरभरा कसा झाला?

झरीकर
एकरी सात क्विंटल. डुकरांनी खाल्ला तो वेगळा.

पुणेरी_पाटी
स्टारलिंकचे इंटरनेटवाले उपग्रह. दर आठवड्याला कोणीतरी घाबरून व्हिडिओ टाकतं. धागा बंद करा.

आकाशवेडा
@पुणेरी_पाटी, स्टारलिंकचे दिवे माळेसारखे एकामागे एक सरकत जातात आणि चार-पाच मिनिटांत दिसेनासे होतात. हा अर्धा तास एका जागी होता. लिहिलंय तेवढं तरी वाचा. झरीकर, शुक्र असण्याची शक्यता मात्र तपासायला हवी. पहाटे किंवा संध्याकाळी तो इतका तेजस्वी दिसतो की भलेभले फसतात.

झरीकर
शुक्राचं मी पण म्हणालो होतो. मोठेबाबांचं उत्तर जसंच्या तसं: "साठ वर्सं झाले मी शुकराच्या चांदनीवर बैल जुतून रायलो अन् तू मले शुकर शिकवतं काय बे?"

आकाशवेडा
शुक्र मागे घेतला.

सिंदेवाहीची_लेक
माझं माहेर सिंदेवाही तालुक्यात, म्हणून लिहिते. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आम्ही अंगणात होतो. आकाशातून पेटत्या रेघा एकामागून एक, एकदम सावकाश गेल्या. आई म्हणाली, विमान जळतंय. शेजारच्या काकू तर हात जोडूनच उभ्या राहिल्या. थोड्या वेळात फोन आला की लाडबोरीत आकाशातून लोखंडाचं कडं पडलं. कडं म्हणजे बांगडीसारखं नाही हो, साधारण तीन मीटर व्यासाचं, चाळीसेक किलोचं! दुसऱ्या दिवशी पवनपारकडे गोळा सापडला. नंतर इतर गावांतही सापडले.

पोलिसांनी ते कडं ठाण्यात नेलं, पुढं इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. अमेरिकेतले खगोलतज्ज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी त्याच रात्री सांगितलं होतं की हा चिनी चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेला.

म्हणजे चौकशी होते. पण आमच्याकडं वस्तू हातात होती. वस्तू असली की सगळे येतात. झरीकरांच्या मोठेबाबांकडं काय आहे, फक्त डोळे.

कापूसकोंड्या
लाडबोरीचं कडं पाहाले आमी मोटरसायकलनं गेलतो. अडीचशे रुपयाचं पेट्रोल जाळलं अन् पोलिसानं फोटो बी काडू देल्ला नाई.

तात्या_पुसदकर
या गोष्टी नव्या नाहीत. १९७९ साली स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा पडणार म्हणून आमच्या गावात जो गोंधळ झाला तो मी पाहिला आहे. मी सातवीत होतो. रेडिओवर रोज बातमी. आमच्या आळीतल्या एकानं "मरायचंच आहे तर" म्हणून दोन बोकड कापले आणि सगळ्यांना जेवू घातलं. ११ जुलैला स्कायलॅब पडलं ऑस्ट्रेलियात. तो माणूस पुढं कितीतरी वर्षं बोकडांचे पैसे कोणाकडून मागावे या विचारात होता. ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स गावानं मात्र नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोकला. याला म्हणतात ग्रामपंचायत.

शंकासुर
मुद्द्यावर येऊ. अमेरिकन वायुसेनेनं हे काम अधिकृतपणे केलंय, आणि नागरिकांच्याच तक्रारींवर. २४ जून १९४७ला केनेथ अरनॉल्ड नावाच्या खासगी वैमानिकानं, जो आग विझवायची उपकरणं विकायचा, माउंट रेनियरजवळ नऊ चमकत्या वस्तू पाहिल्या. पाण्यावर बशी भिरकावली की ती टप्पे खात जाते, तशा त्या चालल्या होत्या असं तो म्हणाला. चाल सांगितली होती त्यानं. छापणाऱ्यांनी आकार करून टाकला आणि तिथून 'उडती तबकडी'. त्याला भेटायला लष्करी हवाई दलाचे डेव्हिडसन आणि ब्राउन हे दोन गुप्तवार्ता अधिकारी आले होते. पुढं त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या एका प्रकरणाची चौकशी करून परतताना १ ऑगस्टला त्यांचं बी-२५ विमान पडलं आणि दोघेही गेले. त्यावर आजही कट-कारस्थानाचे इमले बांधले जातात.

नंतर अशा तक्रारी तपासायला वायुसेनेनं एकामागून एक प्रकल्प काढले: प्रोजेक्ट साइन, ग्रज आणि १९५२ पासून ब्लू बुक. १९६९ला बंद केलं तेव्हा एकूण १२,६१८ नोंदी होत्या, त्यातल्या ७०१ ओळख न पटलेल्या.

कापूसकोंड्या
म्हंजे ७०१ एलियन?

शंकासुर
म्हणजे ७०१ वेळा माहिती अपुरी पडली किंवा जुळली नाही. आमच्या तहसीलमध्ये याहून जास्त फेरफार प्रलंबित आहेत, ते काय परग्रहावरून आले?

माजी_सार्जंट
मी वायुसेनेत २० वर्षं काढली, त्यातली बरीच रडारवर. सांगता येतं तेवढं सांगतो.

आपल्या हवाई हद्दीत जे उडतं त्याची ओळख लागते. प्रत्येक विमानाला उड्डाणाआधी एअर डिफेन्स क्लिअरन्सचा, म्हणजे हवाई संरक्षणाच्या परवानगीचा नंबर घ्यावा लागतो. पडद्यावर ठिपका आला आणि तो कशाशी जुळला नाही, तर प्रश्न एकच: हे कोणाचं? आपलं, परकं, की कोणाचंच नाही? बाकी कशाशी आम्हाला देणंघेणं नसतं. डोळ्यांनी पाहून कळवणं हे आमच्याकडं हसण्यावारी नेत नाहीत. वायुसेनेची मोबाइल ऑब्झर्व्हेशन फ्लाइट नावाची माणसं दुर्बीण आणि वायरलेस घेऊन गावागावांत बसवलेली असायची, खालून उडणारं विमान रडारला दिसत नाही म्हणून. त्यामुळं कोणी म्हातारा "पाहिलं" म्हणाला तर त्याला विचारायला जाणं यात नवल नाही.

दोन उदाहरणं जाहीर आहेत. १९ नोव्हेंबर २०२३, इंफाळ विमानतळावर काहीतरी उडताना दिसलं, काही तास उड्डाणं थांबवली, वायुसेनेनं शोधायला राफेल लढाऊ विमानं पाठवली, हाती काही लागलं नाही. दुसरं लडाखचं. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात तिथल्या जवानांनी ३२९ वेळा चीनच्या बाजूनं दिवे पाहिले, त्यातले १५५ आपल्या हद्दीत आले असं नोंदवलं. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं. निघाले गुरू आणि शुक्र.

पुणेरी_पाटी
शुक्राची चांदणी कशी असते हे लष्कराला झरीकरांच्या मोठेबाबांनी शिकवायला हवं होतं.

माजी_सार्जंट
हसा. उणे वीस डिग्रीत रात्रभर सीमेवर उभं राहून बघा, मग गुरू पण चिनी वाटेल.

वैनगंगा
आमच्याकडं भंडाऱ्याला याला चकवा म्हणतात. तळ्याकाठी रात्री दिवा दिसतो, त्याच्या मागं गेलं की सकाळी माणूस भलत्याच शिवारात. आजी सांगायची, चप्पल उलटी घालून बस, चकवा सुटतो.

शंकासुर
@वैनगंगा, मजा म्हणजे ब्लू बुकची अब्रू याच चकव्यानं घालवली. मार्च १९६६ मध्ये मिशिगनमध्ये बऱ्याच लोकांनी दिवे पाहिले. वायुसेनेचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक यांनी पत्रकारांसमोर दलदलीतल्या वायूची शक्यता मांडली. लोक इतके चिडले की तिथले खासदार जेराल्ड फोर्ड, जे पुढं राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी संसदेनं यात लक्ष घालावं अशी मागणी केली. त्यातूनच कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड कॉन्डन यांची समिती बसली आणि तिच्या अहवालानंतर ब्लू बुक गुंडाळलं. हायनेक स्वतः नंतर म्हणायला लागले की साक्षीदारांचं आपण नीट ऐकलं नाही.

वैनगंगा
म्हणजे चप्पल उलटी घालायला हवी होती.

वकीलीणबाई
माजी_सार्जंट, तुमच्या उत्तरातच झरीकरांच्या तक्रारीचं मूळ आहे. लष्कराचा प्रश्न "धोका आहे का" आणि मोठेबाबांचा प्रश्न "काय होतं". पहिल्याचं उत्तर "नाही" आलं की फाइल बंद. दुसरा प्रश्न कोणाच्याच टेबलावर नाही. ब्रिटनच्या संरक्षण खात्याचं तर हे उघड धोरण होतं. संरक्षणाच्या दृष्टीनं महत्त्व आहे का एवढंच आम्ही पाहतो, वस्तू काय होती हे शोधणं आमचं काम नाही, असं ते लोकांना लेखी कळवायचे. २००९ मध्ये तो कक्षही बंद केला. पण कळवायचे तरी! आणि नंतर त्या सगळ्या फाइली राष्ट्रीय अभिलेखागारात खुल्या केल्या.

माजी_सार्जंट
बाई, प्रत्येक साक्षीदाराला पत्र पाठवत बसलं तर रडार कोण बघणार? आणि "काही नव्हतं" असं लिहून दिलं तर त्यावरून आम्ही काय बघू शकतो आणि काय नाही हेही समोरच्याला कळतं. गप्प बसण्याला कारण असतं.

वकीलीणबाई
कारण असेल. पण ७१ वर्षांच्या माणसाला अर्धा दिवस वावरात उभं केलं आणि "बता देंगे" म्हणाले, तो शब्द कोणी दिला? "नहीं बताएंगे" म्हणाले असते तर त्यांनी पोस्टमनला विचारणं तरी सोडलं असतं.

माजी_सार्जंट
हे मान्य. ते म्हणायला नको होतं.

विश्वशोधक
सगळे डोळे झाकून बसलेत. लोणारला दगड आकाशातूनच पडला ना? मग विदर्भालाच का? चुंबकीय रेषा आहेत इथं.

तात्या_पुसदकर
चुंबकीय रेषा असत्या तर आमची पोरं पुण्याला गेली नसती.

संपादक मंडळ
धागा भरकटतोय. पुणे-विदर्भ वेगळ्या धाग्यावर.

आकाशवेडा
झरीकर, दोन गोष्टी हव्यात. नक्की तारीख, आणि आकार. आकार असा विचारा: हात सरळ ताणून धरायचा, बोटांच्या चिमटीत काय धरलं तर तेवढा दिसेल? ब्लू बुकच्या छापील प्रश्नावलीत नेमका हाच प्रश्न होता, टाचणीचं डोकं, वाटाणा, निरनिराळी नाणी अशी यादी देऊन. "केवढा होता" असं विचारलं की माणूस ताट, सूप, बैलगाडीचं चाक सांगतो आणि त्याला काही अर्थ नसतो. ताट किती लांब धरलेलं? हात ताणून वाटाणा धरला की त्याच्यामागं पौर्णिमेचा चंद्र पूर्ण झाकला जातो, हे लोकांना खरंच वाटत नाही. आज रात्री करून बघा.

सावजी_रस्सा
करून पायलं. झाकते बे! बायको म्हणते गच्चीवर हात वर करून काऊन उभे.

झरीकर
आज शनिवार म्हणून गावी आलोय. मोठेबाबांना विचारलं. त्या साहेबांना त्यांनी "टोपल्याएवढा" सांगितलं होतं. मी हात ताणायला लावला. आधी चिमटीत तुरीचा दाणा दिला. "मोठा होते." हरभरा तर दिलाच नाही. ज्वारीचा दिला. "अजून लायना." मोठी आई स्वयंपाकघरातून फोडणीच्या डब्यातली मोहरी घेऊन आली. त्यांनी एक दाणा नखावर ठेवला, एक डोळा मिटला, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हा. येवढाच होता."

तारीख अशी काढली: फीडरचा रात्रपाळीचा आठवडा, हरभऱ्याचं दुसरं पाणी, आणि आदल्या दिवशी संक्रांतीचे तिळगूळ वाटून झालेले. म्हणजे १५ किंवा १६ जानेवारी.

आकाशवेडा
मोहरी! आता गणित करता येतं.

बारीक मोहरी साधारण दीड मिलिमीटर. ताणलेला हात साठ सेंटीमीटर. म्हणजे प्रमाण एकास चारशे. वस्तू चाळीस मीटर वर असती तर दहा सेंटीमीटरची. चार किलोमीटरवर असती तर दहा मीटरची. पस्तीस किलोमीटरवर असती तर साधारण सत्त्याऐंशी मीटरची.

आता पस्तीसच का म्हणतोय ते सांगतो. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे. हिवाळ्यात तिथून प्लास्टिकच्या पातळ कागदाचे प्रचंड फुगे सोडतात, पन्नास ते पंच्याऐंशी मीटर व्यासाचे. शास्त्रीय उपकरणं घेऊन ते तीस ते चाळीसेक किलोमीटर उंचीवर जातात आणि वाऱ्याबरोबर दोन-तीनशे किलोमीटर वाहत येतात. झरी-जामणी त्या टप्प्यात बसतं. बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे सोडतात.

आणि लाल निखारा? एवढ्या उंचीवर सूर्य जमिनीच्या साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो. खाली झुंजुमुंजु, वर फुग्यावर पहिलं तांबडं ऊन. म्हणून "आधी काहीच नव्हतं" आणि मग लाल. दोन-तीन मिनिटांत सूर्य वर सरकला की पांढरा. खाली उजाडलं की आकाशच उजळतं, म्हणून फिका. लुकलुकत नाही, आवाज नाही, हललेला कळत नाही. मोठेबाबांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट बसते. त्या दिवशी फुगा सोडला होता का हे मात्र मी सांगू शकत नाही. ते केंद्राकडूनच कळेल.

शंकासुर
टोपलं धरून बसले असते तर कोणाच्या बापाला जुळलं नसतं.

कापूसकोंड्या
त्या फुग्याची जाहिरात येते पेपरात. "यंत्र सापडल्यास हात लावू नये, पोलिसात कळवावे." आमच्याकडं एकाले पॅराशूटचं कापड भेटलं म्हंतात, त्यानं बंडीवर ताडपत्री केली.

माजी_सार्जंट
पटतंय. आणि हे खरं असेल तर त्या साहेबांनी परत जाऊन एक फोन केला असेल, पलीकडून "हमारा गुब्बारा है" आलं असेल, वही बंद. चौकशी दहा मिनिटांत संपली असेल. अकरा महिने चाललीय ती फक्त तुमच्या ओसरीवर.

वकीलीणबाई
झरीकर, माहिती अधिकारात अर्ज करा. सैन्यदलं कायद्यातून वगळलेली नाहीत, दुसऱ्या अनुसूचीत त्यांचं नाव नाही. पण कलम ८(१)(क) खाली, देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन नाकारू शकतात. म्हणून वरून सुरुवात करू नका, खालून करा. पहिला अर्ज तहसीलला: पोलीस पाटलानं त्या आठवड्यात काय कळवलं, त्याची प्रत. तो कोणाकडं गेला ते त्यावरच्या शेऱ्यात दिसेल, आणि ते साहेब कोणत्या खात्याचे हेही. दुसरा अर्ज बलून केंद्राला: १४ ते १७ जानेवारी दरम्यान उड्डाण होतं का. दहा रुपये फी, तीस दिवस. चुकीच्या कार्यालयात गेला तरी त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

पुणेरी_पाटी
'स्टारलिंक' म्हणालो होतो त्याबद्दल दिलगिरी. (हे वाक्य जपून ठेवा, पुन्हा मिळणार नाही.)

झरीकर
सगळ्यांचे आभार. दोन्ही अर्ज लिहिले, सोमवारी रजिस्टर करतो.

मोठेबाबांना आकाशवेडा यांचं गणित वाचून दाखवलं. सूर्य वर आधी उगवतो हे त्यांना लगेच पटलं. म्हणाले, टेकडीवरच्या देवळाच्या कळसावर ऊन आधी येतेच, खाली मागून येते. फुग्याचं पण पटलंय असं वाटतं, कारण नंतर विचारत होते की तो उतरला कुठी, अन् येवढं प्लास्टिक कोणाले भेटलं, कुटार झाकाले कामी आलं असतं.

पण संध्याकाळपासून अस्वस्थ आहेत. आत्ता जेवताना म्हणाले, "त्या साहेबाच्या वहीत माह्या नावापुढं टोपलं लिवलं हाय. थे चूक हाय. मोहरी लिवा म्हनाव." ही दुरुस्ती करायला अर्ज कुठं करायचा?

तात्या_पुसदकर
तलाठ्याकडं. सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त व्हायला मला नऊ वर्षं लागली, मोहरीला कमी लागतील.